डबल नेक गिटार घरी बनवली: वर बारा तारा, खाली सहा, आणि मधल्या स्विचवर तरफ

दोनदांडी

नमस्कार मंडळी. चौदा महिने चाललेलं काम परवा रात्री संपलं. शेवटची तार चढवली, अँपला लावली, रात्रीचे साडेअकरा वाजले होते म्हणून दहा मिनिटांत बंद केली, पण त्या दहा मिनिटांत जे ऐकलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा. मागे एकदोघांनी विचारलं होतं की डबल नेक, म्हणजे एकाच बॉडीवर दोन दांड्या (नेक) असलेली गिटार, घरी खरंच होते का. होते. पुण्यात, फ्लॅटच्या गॅलरीत, एक ट्रिम राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र), जिगसॉ, रंधा, दोन पटाश्या, सहा सी-क्लॅम्प आणि पोतंभर पॉलिश पेपर एवढ्यावर होते, फक्त घाई असेल तर नाही होत.

आधी दोन नेक कशाला ते सांगतो. डबल नेक म्हटलं की सगळ्यांना लेड झेपेलिनचा जिमी पेज आठवतो आणि बरोबरच आहे, 'स्टेअरवे टू हेवन' स्टुडिओत वेगवेगळ्या गिटारी वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊन झालं, पण १९७१ ला ते स्टेजवर वाजवायची वेळ आली तेव्हा सहा तारांवरून बारावर आणि सोलोला परत सहावर, मधे गिटार बदलायला सवडच नाही, म्हणून त्याने गिब्सन कंपनीची ईडीएस-१२७५ ही डबल नेक घेतली. गिब्सन ही १९५८ पासून ऑर्डरप्रमाणे बनवायचे, आधी आतून पोकळ आणि १९६० च्या दशकात त्यांच्याच एसजी मॉडेलसारखी सपाट भरीव. पण मला हे वेड पेजमुळे लागलं नाही, जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनमुळे लागलं. महाविष्णू ऑर्केस्ट्रात तो हीच डबल नेक घेऊन उभा असायचा, आणि पुढे शक्ती या बँडमध्ये तबल्यावरचे झाकीरभाई आणि व्हायोलिनवरचे एल. शंकर यांच्याबरोबर मांडी घालून बसला तेव्हा हातात अकूस्टिक होती, जिच्या मुख्य तारांखालून आणखी सात तारा तिरप्या गेल्या होत्या, सतारीच्या तरफेसारख्या, म्हणजे मुख्य तार छेडली की हात न लावता आपोआप झंकारणाऱ्या. मला कित्येक वर्षं असं वाटायचं की ही दोन वाद्यं एकच का नसावीत? डबल नेकवर खालचा सहा तारांचा नेक वाजवताना वरच्या बारा तारा मोकळ्याच असतात की. स्विच मधे ठेवला, दोन्ही नेक चालू, तर त्या बारा तारा तरफ म्हणून का बोलू नयेत?

माझा मामा मिरजेचा, सतार-तानपुऱ्याच्या कामात चाळीस वर्षं. त्याला फोनवर विचारलं तर म्हणाला, "बोलतील की, पण लाकूड कोरडं पाहिजे आणि दोन्ही दांड्या एकाच लाकडाला घट्ट बसल्या पाहिजेत, सांधा ढिला तर तरफ मुकी." पुढचं सगळं डिझाइन या एका वाक्यावर उभं आहे, तो नेकला दांडी, ब्रिजला घोडी आणि फ्रेटला पडदा म्हणतो आणि आता मीही म्हणायला लागलोय.

लाकूड. सुरुवातीला सागाची फळी घेणार होतो, टिंबर मार्केटमध्ये जाऊन हातही लावून आलो, पण हिशोब केला तर ४५ मिमी जाड आणि साधारण ४८ बाय ४३ सेंटीमीटरची बॉडी सागाची साडेचार किलोच्या आसपास जात होती, त्यावर दोन नेक, अठरा खुंट्या, दोन ब्रिज. सात किलो गळ्यात अडकवून कोण उभं राहणार? तयार ईडीएस-१२७५ सुद्धा साडेपाच-सहा किलोची असते. मग शिवण घेतली. शिवण हलकी, घनमीटरला ४५०-५०० किलोच्या आसपास, सागाची ६५० धरा, आणि मुख्य म्हणजे ती कमी आकसते फुगते. तीन फळ्या जोडून बॉडी केली, बाजूला दोन पोकळ्या कोरल्या, पण मधला पट्टा, जिथे दोन्ही नेक आणि दोन्ही घोड्या बसतात, तो अख्खा भरीव ठेवला.

फळी आणली तेव्हा दुकानदार म्हणाला एकदम सुकी आहे. मी ती पलंगाखाली दोन पट्ट्यांवर ठेवली आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन भिंतीवर पेन्सिलीने लिहीत गेलो. अकरा आठवडे वजन उतरत होतं! बारा ते चौदा आठवडे आकडा हलला नाही तेव्हा पहिला कट मारला. ज्यांच्याकडे ओलावा मोजायचं मीटर नाही त्यांनी एवढं कराच.

स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, दोन्ही नेकना एकच घेतली, २४.७५ इंच म्हणजे ६२८.६५ मिमी. एक कारण म्हणजे बोटांना दोन्हीकडे सारखंच अंतर मिळतं, दुसरं कारण म्हणजे ताण. दहा नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) सहा तारांच्या सेटचा एकूण ताण ४५ किलोच्या घरात असतो, बारा तारांचा जवळजवळ दुप्पट, आणि २५.५ ऐवजी २४.७५ घेतली की त्याच तारांचा त्याच सुरात ताण सहाएक टक्के उतरतो. त्या बिचाऱ्या दांडीला तेवढाच आधार.

सध्या एवढंच, जेवून येतो, पुढचं खाली टाकतो.

कोकणी_रंधा

शिवण घेतलीत हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे रत्नागिरीत जुन्या घरांची दारं, पेट्या, देव्हारे शिवणीचे आहेत, पन्नास पावसाळे खाल्ले तरी ड्रॉवर अडकत नाही. पुण्यामुंबईचे लोक साग सोडून काही विचारतच नाहीत. एक प्रश्न, शिवण मऊ असते, स्क्रू धरते का? ब्रिजचे स्क्रू ताणाने उपटून येतील अशी भीती नाही वाटली?

दोनदांडी

वाटली ना. म्हणून घोडीखाली शिसवाचा २० मिमी जाड ठोकळा बॉडीत बसवलाय, वरून दिसतो काळा पट्टा, डिझाइन वाटतं पण काम त्याचंच आहे. नेकच्या स्क्रूंना मागून पितळेची प्लेट.

आता नेक. पहिला नेक मी सागाच्या एकाच पट्टीचा केला होता, फळी आडव्या रेषांची, सुतारकाम छान झालं, पाठ गोल केली, हातात घेऊन झोपायचा मोह व्हावा इतका सुंदर. जूनमध्ये भिंतीला टेकवून ठेवला, श्रावणात बघतो तर हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) डावीकडे वळलाय. नुसता वाकला असता तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली, पिळून घट्ट करायची सळई) सरळ केला असता, पण पीळ पडलेल्या नेकला ट्रस रॉड काही करू शकत नाही. चार महिन्यांचं काम गेलं आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्यांदा मग तीन पट्ट्या उभ्या चिकटवल्या, साग-शिसव-साग, आणि बाजूच्या दोन सागाच्या पट्ट्या एकाच फळीतून कापून एक उलटी फिरवली म्हणजे एकीला जिकडे वळायचंय त्याच्या विरुद्ध दुसरी ओढते. मधे दोन्हीकडे फिरणारा ट्रस रॉड, आणि बारा तारांच्या नेकमध्ये रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या, इपॉक्सीत बसवलेल्या. या पट्ट्या रिमोटवरची विमानं बनवणाऱ्यांच्या दुकानात मिळतात, गिटारच्या दुकानात विचारत बसू नका. हा नेक अजून सरळ आहे.

फ्रेटबोर्ड शिसवाचा. ही आपली घाटातली शिसव जगभरच्या गिटारींवर जाते आणि आपण मात्र फ्रेटबोर्ड बाहेरून मागवतो हे मला कधीच पटलं नाही. फ्रेटचे खाचे पाडायला वेगळी करवत मिळते पण मी लोखंड कापायच्या हॅकसॉचं पातं वापरलं. तसं वापरलं तर खाच रुंद होते कारण दाते दोन्हीकडे फाकवलेले असतात. पातं ऑइलस्टोनवर आडवं ठेवून दोन्ही बाजूंनी दाते घासून काढले की पात्याची मूळ जाडी उरते, ०.६३ मिमीच्या आसपास, आणि फ्रेटवायरचा पाय त्यात हातोडीच्या हलक्या ठोक्याने जो बसतो तो निघत नाही.

माप काढायचं सूत्र सोपं, स्केल भागिले १७.८१७ म्हणजे पहिला पडदा. माझ्या स्केलला पहिला ३५.२८ मिमीवर, दुसरा ६८.५९ वर, बारावा बरोबर निम्म्यावर ३१४.३ ला. पण एक सांगतो, प्रत्येक पडदा नटपासूनच (हेडस्टॉककडची, तारा टेकतात ती पट्टी) मोजा, आधीच्या पडद्यापासून नको. दर पडद्याला ०.२ मिमी चुकलात तरी बाराव्यापर्यंत जवळजवळ अडीच मिमी झालं, ते बेसूर कुठल्याच ब्रिजने भरून निघत नाही. मी स्टीलची एक मीटर पट्टी चिकटपट्टीने बोर्डावर घट्ट बसवली आणि सगळे बावीस पडदे पट्टी न हलवता एका बैठकीत धारदार पात्याने आखले. घरच्यांना सांगून ठेवलं होतं की दीड तास कुणी हाक मारायची नाही.

सोल्डरवाला

मस्त चाललंय. मला वायरिंगचं ऐकायचंय. दोन नेक एकाच जॅकवर आणि पॅसिव्ह (बॅटरीशिवाय), तर स्विच मधे ठेवल्यावर एक व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही गप्प होणार. हा घोळ गिब्सनच्या लेस पॉल गिटारमध्येही आहे. तरफेसाठी बारा तारा मागे आणि सहा पुढे असं बॅलन्स करायचं असेल तर हे कसं सोडवलं?

दोनदांडी

अगदी बरोबर पकडलंत, यात माझे तीन रविवार गेले. नेहमीच्या पद्धतीत पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकी गुंडाळी) पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा तीन पायांचा भाग) कडेच्या पायाला आणि आउटपुट मधल्या पायाला असतो, त्यामुळे एक पॉट शून्यावर आला की आउटपुटच ग्राउंड होतो आणि दुसऱ्या नेकचाही आवाज जातो. उपाय असा की हे दोन पाय अदलाबदल करायचे, पिकअप मधल्या पायाला आणि आउटपुट कडेच्या पायाला. मग दोन्ही व्हॉल्यूम स्वतंत्र चालतात. याची किंमत अशी की व्हॉल्यूम खाली आणला की वरचा चकचकीत आवाज लवकर मरतो. पण माझ्या कामाला ते उलट सोयीचं पडलं, तरफ मागे आणि थोडी मऊच हवी असते.

दोन्ही पॉट ५०० के, सहाच्या नेकवर दोन हंबकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप), बाराच्या नेकवर एकच, टोन दोघांत मिळून एक, ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. सगळं सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळालं, फक्त नेक बदलायचा जाड टॉगल स्विच आणि पिकअप बाहेरून मागवले. दोन्ही घोड्यांना वेगवेगळी ग्राउंड वायर लागते हे विसरू नका, मी पहिल्यांदा एकालाच दिली होती, मग वरच्या तारांना हात लावला की गुणगुण वाढायची. खाचांना आतून तांब्याची टेप आणि सगळे ग्राउंड एका ठिकाणी.

सोल्डरवाला

झकास. फेज, म्हणजे पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने जातात की उलट, तपासलीत का दोन नेकमधली?

दोनदांडी

तपासली, काट्याच्या जुन्या मल्टिमीटरने. पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवून पटकन उचलला की काटा एका बाजूला उडतो, तिन्ही पिकअपना एकाच बाजूला उडायला हवा. दोन नेकवर तारा वेगळ्या असल्यामुळे फेज चुकली तर एका नेकवरच्या दोन पिकअपइतकं ऐकू येत नाही, पण जुळवायला पाच मिनिटं लागतात, मग कशाला सोडा.

स्टेजची_सवय

मी एकदा तयार डबल नेक दोन शो वाजवली आहे, अनुभवाचं बोलतो. एक, साधा पट्टा चालत नाही, कमीत कमी तीन इंच रुंद आणि चामड्याचा घ्या, आतून खरखरीत, म्हणजे खांद्यावर घसरत नाही. दोन, वरच्या शिंगाचं बटण बाराव्या पडद्याच्या आसपास यायला हवं नाहीतर नेक जमिनीकडे जातात आणि डावा हात वाजवायचं सोडून नेक उचलत बसतो. तीन, अँपवर गेन (आवाज फुगवणं) जास्त असताना मोकळ्या बारा तारा किंचाळतात. आणि मनापासून विचारतो, दोन गिटारी स्टँडवर ठेवून काम होत नाही का? मी शेवटी तेच करतो. माझ्या पाठीने निर्णय घेतला.

दोनदांडी

पाठीचा मुद्दा शंभर टक्के खरा, त्यावर वाद नाही. माझी ५.६ किलो भरली आणि बसूनच वाजवायची असं आधीपासून ठरवलं होतं, खालच्या कडेला मांडीवर बसेल असा खोलगट कट दिलाय. बटण बाराव्याच्या थोडं मागे आलं, पण बाराच्या हेडस्टॉकवर छोट्या हलक्या खुंट्या लावल्यामुळे तोल बरा आहे.

दोन गिटारींनी गाणं वाजतं, तरफ वाजत नाही. दोन्ही दांड्या एकाच लाकडात असल्या तरच खालच्या तारेचा कंप वरच्या तारांपर्यंत पोचतो. भरीव बॉडीत हा कंप फार बारीक असतो, सतारीसारखा नाही, सतारीला भोपळा आणि तबली आहे. पण पिकअप त्या बारीक कंपालाही पकडतं. साठच्या दशकात कोरल कंपनीची इलेक्ट्रिक सतार यायची, तिला बाजूला तेरा तारा आणि त्यांना स्वतंत्र पिकअप होतं, म्हणजे ही कल्पना काही माझ्या डोक्यातून उगवलेली नाही.

गॅलरीतला_सुतार

नेकच्या खाचा कशा राउट केल्या ते सविस्तर सांगाल का? मी एका नेकची करतोय आणि तेवढ्यानेच धडकी भरलीय.

दोनदांडी

सांगतो, आणि चुकलेलं आधी सांगतो म्हणजे तुमचं वाचेल.

बारा मिमी एमडीएफचं टेम्प्लेट केलं, बेअरिंगवाली बिट, खाच १६ मिमी खोल. दोन नेकच्या मधल्या रेषा घोडीपाशी १५० मिमी अंतरावर, आणि दोन्ही नेक बाहेरच्या बाजूला एकेक अंश फाकवलेले म्हणजे नटपाशी आणखी २२ मिमी जागा मिळते आणि डाव्या हाताची बोटं दुसऱ्या नेकच्या खुंट्यांना आपटत नाहीत. खालची खाच लोण्यासारखी झाली. वरची करताना टेम्प्लेट दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर होतं, एप्रिलची दुपार, गॅलरीत ऊन. तिसऱ्या फेरीला राउटरचा आवाज बदलला, भरड झाला, आणि जळकट वास आला. बंद करून टेम्प्लेट उचललं तर ते उन्हाने मऊ झालेल्या टेपवर तीन मिमी सरकलं होतं. खाचेची एक भिंत गेली. मी राउटर खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता बघत बसलो.

मामाला फोटो पाठवला. त्याचा उलट फोन, "फेकू नको. त्याच फळीचा तुकडा उरलाय ना? रेषा जुळव, आडवा तुकडा लावलास तर दोन वर्षांत भेग दिसेल. बसवताना ठोकावा लागला तर जाड आहे, आपोआप पडला तर बारीक आहे, अंगठ्याने दाबून गेला पाहिजे." तसाच तुकडा केला. सात वेळा घासला. सातव्यांदा अंगठ्याने हळूच गेला आणि वर चुईं असा हवेचा आवाज आला. सुतारकामाच्या गोंदाने चिकटवून दोन दिवस शिकंज्यात ठेवला, मग पुन्हा राउट केलं, यावेळी टेम्प्लेट टेपवर नाही, पुढे पिकअपची पोकळी जिथे होणार होती तिथे स्क्रूने आवळलं, म्हणजे स्क्रूची भोकं पुढे आपोआप गेली. आज तुकडा कुठे आहे ते मलाही बोटाने शोधावं लागतं.

सरळ तपासायला दोरा वापरा. नटच्या दोन कडेच्या खाचांतून घोडीपर्यंत दोन बारीक दोरे ताणा आणि शेवटच्या पडद्यापाशी दोन्ही बाजूंना फ्रेटबोर्डच्या कडेपासून अंतर सारखं येतंय का बघा. ते जमल्यावरच घोडीची भोकं पाडा. आणि घोडीची जागा ठरवताना जाड तारेला स्केलपेक्षा चारपाच मिमी मागे जायला जागा ठेवा.

बारातारी_भक्त

बारा तारांच्या घोडीला सहाच सॅडल (घोडीवर तार टेकते तो सरकता तुकडा) आहेत की बारा? माझ्या बारा तारांच्या गिटारवर बाराव्या पडद्यावर जोडी कधीच जुळत नाही, खालची बरोबर केली की वरची जाते.

दोनदांडी

बारा. हे मात्र पैसे वाचवायची जागा नाही. बारा तारा म्हणजे सहा जोड्या, त्यातल्या खालच्या चार जोड्यांत एक जाड तार आणि एक सप्तक वरची बारीक तार असते, जाड तारेला सॅडल मागे हवं आणि बारीक तारेला पुढे, दोघी एकाच सॅडलवर बसवल्या की एकीवर अन्याय होणारच. वरच्या दोन जोड्या एकाच सुराच्या, त्यांना चालतं. आणि जी ची वरची तार आठ नंबरची, ती सगळ्यात आधी तुटते, दोनतीन जास्तीच्या आणून ठेवा.

नट मामाने पाठवलेल्या उंटाच्या हाडाचा आहे, सतारीच्या जवारीला आता तेच वापरतात. बारा खाचा पाडायला मला पूर्ण रविवार लागला. जोडीतल्या तारांत २ मिमीच्या आसपास अंतर ठेवलं, आणि खाचा मोजताना तारांच्या मधोमध नाही तर कडेपासून कडेपर्यंत मोजल्या, नाहीतर जाड-बारीक जोडीत बोटाला एकच तार लागते. कानशीचे चार फटके, तार चढवा, पहिल्या पडद्यावरची उंची बघा, तार उतरवा, परत दोन फटके. हाडाचा वास घरभर पसरतो, खिडक्या उघड्या ठेवा.

न्यूजर्सीकर

फार सुंदर काम. मला विचारायचंय की शिसवाचा फ्रेटबोर्ड असलेली गिटार इकडे आणताना अडवतात का? माझ्या भावाला पुण्यात अशीच करून घ्यायची आहे आणि मी जानेवारीत येतोय.

दोनदांडी

२०१७ ला शिसवाचं सगळं कुळच साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं तेव्हा बराच गोंधळ होता, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. नुसती फळी नेणार असाल तर तो वेगळा विषय, ती नेऊ नका.

कोकणी_रंधा

पॉलिश कशाचं केलंत? आणि पावसाळ्यात केलंत की काय?

दोनदांडी

लॅकर मारायचा विचार होता पण जुलैत एका तुकड्यावर मारून बघितलं तर दमट हवेत पांढरट धुकं धरलं. मग चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून सुती कापडाच्या बोळ्याने हात मारले, सतारीला करतात तसंच. एका दिवशी तीनचार हात, मग दोन दिवस विश्रांती, असे चाळीसएक हात झाले. शिवण मुळात फिकट पिवळसर, चपड्याने तिला मधाचा रंग आला. घाम लागला की डाग पडतो हे खरं, पण पुसून परत दोन हात मारता येतात.

एकूण खर्च कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारला, तो पहिला फुकट गेलेला नेक धरून तीस हजारांच्या आत बसला. हत्यारं आधीपासून होती ती धरली नाहीत.

सतारशिष्या

मी मिरजेत सतार शिकते, त्यामुळे हा धागा दोनदा वाचला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते, आणि त्याच कामातलं शिकून कुणी गिटार बनवतंय हे वाचून खूप आनंद झाला. आता मुद्द्याचं विचारते. वरच्या बारा तारा तुम्ही लावता कशात? गिटारच्या नेहमीच्या सुरांत तरफ लागली तर रागाला काही उपयोग नाही. आणि खरंच ऐकू येते का, की मनाला वाटतं?

दोनदांडी

ताई, हाच प्रश्न मी वाट बघत होतो.

तरफेसाठी वरचा नेक डी मध्ये लावतो. डी-ए-डी-एफशार्प-ए-डी, म्हणजे सा-प-सा-ग-प-सा. नेहमीच्या लावणीतून दोन ई, जी आणि बी उतरवायच्या, एकही चढवायची नाही, त्यामुळे दांडीवरचा ताणही कमी होतो. यमन, भूप, बिलावल यांना हे चालतं. स्विच मधे, खालचा व्हॉल्यूम पूर्ण, वरचा तीनावर.

त्या रात्री पहिल्यांदा लावली तेव्हा सा वर आणि प वर वरच्या तारा लगेच बोलल्या, तार दाबून सोडली की मागे एक लांब शेपूट उरायचं. पण गंधाराची जोडी मुकी होती. ट्यूनरवर हिरवा दिवा, तरी मुकी. मला वाटलं तिथे नटची खाच चुकली, दोन दिवस तीच तपासत बसलो.

गेल्या रविवारी मामा पुण्याला आला. चहा झाला, मग त्याने गिटार मांडीवर घेतली, वाजवली नाही, बॉडीच्या कडेला कान टेकवला आणि मला म्हणाला खालची सा छेड. छेडली. परत म्हणाला छेड. मग कान न काढताच म्हणाला, "गंधार चढलाय." मी त्याला ट्यूनर दाखवला. त्याने बघितलाच नाही, हात लांब करून चौथ्या जोडीच्या दोन्ही खुंट्या केसभर उतरवल्या, एक आधी, मग दुसरी पहिलीला मिळवून. मी मग ट्यूनरवर बघितलं, काटा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली होता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ट्यूनर पियानोचा गंधार दाखवतो, षड्जाच्या तारेच्या पोटात जो गंधार आपोआप वाजत असतो तो त्याच्यापेक्षा तेवढाच उतरलेला असतो, आणि तरफेची तार फक्त त्यालाच ओ देते.

म्हणाला आता छेड. सा छेडला आणि वरची ती जोडी, जिला कुणी हातही लावला नव्हता, ती उठली. डोळ्यांनी दिसत होती, बारीक तार दोन रेघांसारखी झाली होती.

एक अडचण उरलीच. खालच्या दांडीवरचे माझे पडदे पियानोच्या मापाचे, त्यांच्यावर गंधार दाबला तर तो चढाच येतो आणि वरची जोडी परत गप्प बसते. तार ताणून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून सध्या रे च्या पडद्यावर बोट ठेवून तार ओढत गंधारापर्यंत जायचा सराव चाललाय. जिथे वरची जोडी उठते तिथे थांबायचं. दहातून चारदा जमतंय.

सतारशिष्या

आम्हालाही पहिलं वर्ष हेच करायला लावतात. रेकॉर्डिंग टाका ना, चारच वेळा जमलेलं असलं तरी चालेल.

दोनदांडी

शनिवारी टाकतो. आठ नंबरची तार आज सकाळी तुटली, आधी ती आणायचीय.